करंट नाही म्हणून कॉइल बदलली : मंगल कार्यालयातल्या जुन्या गोल्फ कार्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर शहराबाहेर एक मोठं मंगल कार्यालय आहे. नाव आणि रस्ता सांगत नाही, बाकी सगळं घडलं तसं लिहितो. फाटकापासून हॉलपर्यंत चारशे मीटरची वाट, आणि वाटेत सावलीला एक झाड नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना नवरीच्या आजीला त्या वाटेनं चालत नेणं म्हणजे परीक्षाच. म्हणून मालकांनी काही वर्षांपूर्वी एक जुनी चार सीटची पेट्रोल गोल्फ कार्ट विकत घेतली. ती आधी एका हॉटेलात होती. वय तीस वर्षांच्या आसपास, इंजिन एक सिलिंडरचं फोर-स्ट्रोक. बॅटरी १२ व्होल्टची, पण ती फक्त सेल्फसाठी आणि दिव्यांसाठी.

मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. शिकलो ते लूना आणि चेतकच्या जमान्यात, दुकान आजही आहे. या गाडीच्या दिव्यांचं आणि हॉर्नचं काम मी एकदा केलं होतं, तेवढीच ओळख.

आषाढी एकादशीला लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. हे चार महिने गाडी कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. त्याच शेडमध्ये मालकांच्या म्हशींची पेंड आणि मक्याची पोती ठेवतात. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण गाडी बिघडली तेव्हा शेडमध्ये आणखी काय आहे हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

अडचण

कार्तिकी एकादशीच्या आधी चार दिवस गाडी बाहेर काढली. पेडल दाबलं की सेल्फ फिरतो, पट्टा फिरतो, इंजिन घुमतं, पण पेटत नाही. या गाड्यांना वेगळं स्टार्टरचं बटण नसतं. चावी ऑन करून पेडल दाबलं की पेडलजवळचा छोटा स्विच सोलेनॉइडला (मोठा करंट जोडणाऱ्या रिलेला) करंट देतो आणि स्टार्टर-जनरेटर पट्ट्याच्या जोरावर इंजिन फिरवतो. इंजिन चालू झालं की तोच स्टार्टर-जनरेटर बॅटरी चार्ज करतो. पाय काढला की इंजिन बंद. म्हणजे ही गाडी दिवसात शंभर वेळा चालू-बंद होते, आणि इंजिन बंद करणारी वायरिंग त्या प्रत्येक वेळी काम करते. स्कूटर किंवा कार यांच्यात आणि या गाडीत हा मोठा फरक आहे. पुढचा सगळा घोळ त्या वायरिंगपाशीच होता.

मी येण्याआधी काय काय झालं

मालकांनी आधी त्यांच्या कारचं काम बघणाऱ्या मेकॅनिकला बोलावलं. हा माणूस कामाचा आहे, हे आधी सांगून ठेवतो. चार महिने उभी गाडी म्हटल्यावर त्याने कार्बोरेटर खोलला, आणि तो निर्णय बरोबर होता. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत चार महिने राहिलेलं पेट्रोल कुणीही ओतूनच द्यावं. त्याने टाकी रिकामी केली, जेट साफ केले, नवं पेट्रोल भरलं. गाडी पेटली नाही.

मग प्लग काढला. प्लगला टोपी लावली, प्लग सीटखालच्या पत्र्यावर टेकवला आणि पोराला पेडल दाबायला सांगितलं. ठिणगी नाही. नवा प्लग आणला, तरी नाही. "करंटच येत नाही," असा निकाल लागला.

तो पत्रा मी नंतर नीट बघितला. त्यावर रंगाचा जाड थर होता. रंगावर टेकवलेल्या प्लगला नीट अर्थ, म्हणजे बॉडीशी जोडणी, मिळत नाही, आणि अर्थ नसेल तर प्लगला करंट देणारी कॉइल धडधाकट असूनही तिथे ठिणगी दिसेलच असं नाही. त्या दिवशी खरंच करंट नव्हता की नुसता दिसला नाही, हे त्या तपासणीवरून कुणालाच ठरवता आलं नसतं. प्लग टेकवायचा तो इंजिनच्या उघड्या धातूवर, फिन्सवर किंवा बोल्टवर.

यानंतरची पायरी महाग पडली. मेकॅनिकला सवय कारच्या कॉइलची. कारमध्ये कॉइलला बॅटरीचा १२ व्होल्ट लागतो. या गाडीच्या कॉइलला एकच बारीक वायर येत होती. त्याने ती काढून मीटर लावला तर व्होल्ट काहीच नाही. "सप्लायच नाही" म्हणून त्याने बॅटरीवरून एक वायर ओढली, कॉइलच्या त्या टोकाला लावली आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही. मग कॉइल गेली असं ठरलं. मुंबईतल्या एका पुरवठादाराकडे ऑर्डर दिली. कॉइल यायला एकोणीस दिवस लागले आणि साडेआठ हजार रुपये गेले. तेवढ्यात तुळशीची लग्नं होऊन गेली, पहिले तीन मुहूर्त गाडीविना पार पडले.

नवी कॉइल बसवली आणि काढलेली बारीक वायर परत जागेवर लावली. गाडी पेटली नाही.

या गाडीत स्पार्क तयार होतो कसा

पुढचं समजायला एवढं हवं. या इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकात, चुंबक बसवलेले असतात. फ्लायव्हील फिरलं की चुंबक कॉइलसमोरून जातात आणि कॉइलमध्ये वीज तयार होते. कॉइलमधला ट्रान्झिस्टर योग्य क्षणी ती तोडतो, आणि हजारो व्होल्टचा झटका प्लगला जातो. याला मॅग्नेटो म्हणतात, आणि यात बॅटरीचा काही संबंध नाही. बॅटरी लागते ती इंजिन फिरवायला. लूना, चेतक, शेतातला जुना पेट्रोल पंप यांचं तत्त्व हेच. लूनाला तर बॅटरीच नसायची.

मग ती एक बारीक वायर कशासाठी? ती कॉइलला काही देत नाही. ती बॉडीला टेकली की कॉइलमधली वीज बॉडीत जाते आणि स्पार्क थांबतो. तिला आम्ही किल वायर म्हणतो. चावी ऑफ केली की चावीचा स्विच तिला अर्थ करतो. पेडलवरचा पाय उचलला की पेडलचा स्विचही तिला अर्थ करतो. शिवाय आरपीएम लिमिटर नावाचा डबा याच वायरवर असतो, वेग फार वाढला की तो क्षणभर स्पार्क खातो. म्हणजे इंजिन थांबवणारी तीन माणसं एकाच दोरीला धरून बसलेली, आणि दोरी सीटखालून, पायाखालून, डॅशबोर्डपर्यंत गेलेली.

माझे वडील पॉवरलूमवर होते. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, त्यासाठी त्यात काटा बसवलेला असतो. माग थांबला म्हणून कुणी मोटर खोलत नाही. आधी धागा बघतात, मग तो काटा नीट आहे का ते बघतात. धागा शाबूत असून काटाच अडकला असेल तरी माग थांबतोच. किल वायरचं काम त्या काट्यासारखं आहे.

सगळ्या गोल्फ कार्टमध्ये अशी मांडणी नसते, हे ध्यानात ठेवावं. ईझी-गो कंपनीच्या जुन्या दोन सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक गाडीत इग्नायटरला (स्पार्क टाकणाऱ्या डब्याला) बॅटरीचा १२ व्होल्ट लागतो, आणि कधी स्पार्क टाकायचा त्याचा इशारा वेगळी पिकअप कॉइल देते. तिथे आधी इग्नायटरपर्यंत १२ व्होल्ट येतो का हेच बघायचं. आपल्यासमोर कोणती मांडणी आहे हे ओळखायच्या आधी एकही वायर जोडू नये. मॅग्नेटोच्या कॉइलला किल वायरच्या टोकावरून १२ व्होल्ट दिला तर आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो.

समोरचे पर्याय

मला बोलावलं तेव्हा मालक वैतागलेले होते. दुसऱ्याच दिवशी मोठं लग्न होतं, पाहुणे लातूर आणि कलबुर्गीहून येणार होते. आम्ही तिथेच शेडमध्ये बसून बोललो.

त्यांच्या डोक्यात पहिला विचार होता नवी कॉइलही खराब आली असणार, दुसरी मागवू. म्हणजे आणखी तीन आठवडे. दुसरा पर्याय त्यांना कुणीतरी सुचवला होता : स्कूटरचा सीडीआय (स्पार्क टाकणारा डबा) आणि पिकअप बसवून काम भागवायचं. तसं करतात लोक, पण टायमिंग जमवायला फ्लायव्हील उतरवावं लागतं आणि एका दिवसात ते निभणारं नव्हतं. तिसरा, इंजिन काढून गाडी बॅटरीवर करायची. तो विचार मला वाईट वाटला नाही, फाटक ते हॉल एवढ्या कामाला बॅटरीची गाडीच बरी. पण तो उन्हाळ्यात निवांत करायचा खर्च आहे.

मी म्हणालो, "मालक, मला दुपारपर्यंत द्या. काही विकत आणायचं नाही. बिघाड कुठे नाही ते आधी ठरवू."

"अण्णा, कॉइल तर नवीच आहे. मग राहिलं काय बघायचं?"

"कॉइल नवी आहे म्हणूनच. जुनीला पण स्पार्क नाही, नवीलाही नाही, तर दोन्हींना जोडलेलं एकच काहीतरी आहे."

ते तयार झाले. आता विचार केला तर त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा निर्णय तोच होता, आणि तो मालकांनी घेतला.

तपासणी

मागची चाकं जॅकवर उचलून घेतली, म्हणजे इंजिन पेटलंच तर गाडी पळणार नाही. बॅटरी बघितली : उभी असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ फिरताना १०.४. हे ठीक होतं. हे बघायचं कारण असं की मॅग्नेटोला स्पार्क द्यायला फ्लायव्हील पुरेशा वेगाने फिरावं लागतं. बॅटरी मेलेली किंवा पट्टा सैल असला की इंजिन रेंगाळत फिरतं आणि स्पार्क होत नाही, आणि लोक कॉइल बदलतात.

मग स्पार्क टेस्टर. प्लग जागेवरच राहू दिला, टोपी काढून टेस्टरला लावली, टेस्टरचा चिमटा इंजिनच्या उघड्या बोल्टला. प्लग जागेवर राहिला म्हणजे भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही, ठिणगीजवळ ते फार महत्त्वाचं. हातात टोपी धरून बघणं मी सोडून दिलंय, पोरांनाही करू देत नाही. पेडल दाबलं. स्पार्क नाही. आता मात्र खात्री झाली की नाहीच आहे.

पुढची पायरी पाच मिनिटांची. कॉइलजवळ किल वायरचं जोडणं होतं, ते सोडवलं. सुटलेलं टोक कशाला टेकणार नाही असं बाजूला बांधलं. पोराला म्हटलं, दाब.

टेस्टरमध्ये निळी ठिणगी. टक, टक, टक.

मालक खुर्चीवरून उठून आले. मी त्यांना सांगितलं की नवी कॉइल चांगली आहे, फ्लायव्हील चांगलं आहे, प्लगची वायर चांगली आहे. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट बघायला इंजिनवरचं शीट खोलावं लागतं, ती गरजच उरली नाही. जे काही आहे ते कॉइलपासून पुढे, चावीकडे जाणाऱ्या वायरिंगमध्ये.

हे ऐकून त्यांनी विचारलं, मग ती वायर अशीच सुटी ठेवली तर? लग्नापुरतं चालेल ना? अनेक जण तसंच करतात. मी नाही म्हणालो. किल वायर नसली तर चावीने इंजिन बंद होत नाही, पाय उचलला तरी चालू राहतं. मागे म्हाताऱ्या माणसाला उतरवताना इंजिन चालू, कुणाचा पाय पेडलवर पडला तर गाडी वऱ्हाडात घुसेल. तपासणीपुरती वायर सोडवायची, पाहुणे बसवताना नाही.

मग एकेक जोडत गेलो. आधी फक्त आरपीएम लिमिटर जोडला : स्पार्क टिकला. म्हणजे लिमिटर निर्दोष. मग पुढची वायर जोडली : स्पार्क गेला. आता किल वायर कॉइलवरून पुन्हा सोडवली, बॅटरीची निगेटिव्ह काढली, पेडलवर वीट ठेवून ते दाबलेलं ठेवलं, चावी ऑन केली. वीट ठेवायचं कारण आधी आलंच आहे, पाय उचललेला असताना ही वायर अर्थच असते, ते चुकून बिघाड समजू नये. मीटर बीपवर ठेवून एक टोक किल वायरला, दुसरं बॉडीला. बीप वाजली. चावीच्या स्विचचं सॉकेट काढलं, तरी बीप. पेडलच्या स्विचची वायर काढली, तरी बीप. दोन्ही स्विच निर्दोष, म्हणजे वायरच मध्ये कुठेतरी बॉडीला टेकलेली.

हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, हाताने हलवत मागून पुढे सरकलो. सीटच्या बिजागरीजवळ आलो आणि बीप तुटली, परत वाजली. टॉर्च मारली. पत्र्याच्या कोनाआड हार्नेसची टेप फाटलेली, आत दोन बोटं लांबीचं प्लास्टिक कुरतडलेलं, तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या, आणि त्यातली एक तार कोनाच्या कडेला टेकलेली. खाली काळ्या मोहरीएवढ्या लेंड्या. बाजूला मक्याचं फोलपट.

पेंडीची पोती तेव्हा मला दिसली.

पहिली दुरुस्ती, आणि माझी चूक

कुरतडलेला भाग कापला, नवा तुकडा सोल्डर केला, वर हीट-श्रिंक स्लीव्ह चढवली, कोनाच्या कडेला रबर बसवलं. बीप नाही. सगळं जोडलं. पेडल दाबलं, तिसऱ्या फेऱ्याला इंजिन पेटलं. पाय उचलला, बंद. दाबलं, चालू. वीस-पंचवीस वेळा केलं. चावीने बंद करून बघितलं. दुपारचे तीन वाजले होते. जॅक काढला, मी एकटा बसून फाटकापर्यंत जाऊन आलो, बाराशे रुपये घेतले आणि निघालो.

चूक इथे झाली. या गाडीचं इंजिन सीटखाली आहे. सगळी तपासणी सीट उचलून केली. एकटा चालवून बघितलं तेही ड्रायव्हरच्या बाजूला बसून, फाटकापर्यंत. ही गाडी ज्या कामाला आहे ते काम, म्हणजे चार माणसं भरून खडीवरून नेणं, मी एकदाही करून बघितलं नाही. शिवाय उंदीर एकाच जागी कुरतडून थांबला असेल असं मी मनाशी धरलं. एक बिघाड सापडला आणि गाडी चालू झाली, एवढ्यावर हात झटकले.

दुसरा दिवस

लग्नाच्या सकाळी साडेनऊला फोन. गाडी वाटेत बंद पडली, दोन आज्या बसलेल्या, सेल्फ फिरतोय पण पेटत नाही. मी पोचलो तेव्हा गाडी फाटकाजवळ सावलीत उभी होती आणि चालू होत होती. मी दाबलं, चालू. पुन्हा दाबलं, चालू. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी इंजिनकडे.

गाडी चालवणारा पोरगा सतरा-अठरा वर्षांचा आहे. तो कधीपासून काहीतरी सांगायचं म्हणून उभा होता, पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायला कचरत होता. शेवटी मीच विचारलं, "तू चालवत होतास ना, काय झालं सांग."

"काका, रिकामी असली की चालू व्हतीय. माणूस बसलं की बंद पडायलीय. त्या आज्ज्या उतरल्या की परत चालू झाली."

"कुठल्या बाजूला बसल्या होत्या?"

"डाव्या बाजूला. जाड होत्या त्या तिकडं."

त्याच्या या दोन वाक्यांनी माझा अर्धा दिवस वाचवला. मी त्याला डाव्या बाजूला बसवलं, वर आणखी एका वाढप्याला बसवलं आणि पेडल दाबलं. सेल्फ फिरला, इंजिन पेटलं नाही. दोघांना उतरवलं, पेटलं. पुन्हा बसवलं, इंजिन चालू असताना : फट् करून बंद.

सीटची प्लायवूडची तळफळी उलटी केली. डाव्या कोपऱ्यात एक लांब स्क्रू तळातून पाऊण इंच बाहेर आलेला होता. बहुधा आधीच्या मालकाकडे सीटचं रेक्झिन बदललं तेव्हा कुणीतरी जरा लांब स्क्रू मारला असणार. त्याच्या टोकाला तांब्याची चमक होती. बरोबर खाली हार्नेस धरून ठेवणारा क्लॅम्प तुटलेला, हार्नेस वर उचललेला, आणि त्यातली किल वायर इथेही कुरतडलेली. सीट रिकामी असली की स्क्रू आणि वायर यांच्यात करंगळीएवढी फट. माणूस बसला की फळी वाकते, स्क्रू खाली येतो, वायर फ्रेमला दाबली जाते. सीट उचलून तपासणाऱ्या माणसाला हा बिघाड कधीच दिसणार नाही, कारण सीट उचलली की तो नसतोच.

या वेळी जोड मारला नाही. कॉइलपासून चावीपर्यंत आणि पेडलपर्यंत संपूर्ण नवी वायर ओढली, प्लास्टिकच्या नळीत घालून, फ्रेमच्या आतल्या बाजूने. जुनी वायर दोन्ही टोकांना कापून मोकळी सोडली. स्क्रू कापून टोक घासलं. नवे क्लॅम्प टाकले. सव्वा तास लागला. तोवर पाहुण्यांना मालकांनी स्वतःच्या कारमधून आणलं. त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत, कारण ते काम आदल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

मग चार माणसं बसवून खडीवरून सहा फेऱ्या मारल्या. एका फेरीत मुद्दाम माणसांना जागा बदलायला लावल्या. अक्षतांच्या आधी गाडी कामाला लागली होती.

परिणाम

त्यानंतर पूर्ण हंगाम गाडी स्पार्कसाठी एकदाही थांबली नाही. मे महिन्यात भर दुपारी कार्बोरेटर तापून एकदा ती अडखळली, पण तो वेगळा विषय.

एकूण खर्चाचा हिशेब मालकांनी स्वतः मांडला : कॉइल साडेआठ हजार, पहिल्या मेकॅनिकची मजुरी, माझे बाराशे. ज्या वस्तूमुळे गाडी बंद होती ती वायर आणि नळी मिळून दीडशे रुपयांच्या आत.

पेंडीची पोती शेडमधून हलवली. चातुर्मासात दर आठवड्याला तो पोरगा गाडी बाहेर काढून पंधरा मिनिटं चालवतो आणि सीट उचलून टॉर्चने हार्नेस बघतो. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मेकॅनिककडे उत्तर हातात आलं होतं, हे मला सारखं आठवतं. त्याने किल वायर कॉइलवरून काढली होती. त्याच क्षणी, बॅटरीची वायर न लावता, नुसता सेल्फ मारला असता आणि प्लग इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवला असता, तर बिघाड कॉइलमध्ये आहे की वायरिंगमध्ये हे एका मिनिटात कळलं असतं. एकोणीस दिवस आणि साडेआठ हजार बहुधा त्या एका मिनिटावर अवलंबून होते. मी हे त्याला भेटून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि कागदावर काढून मागितलं. मी किल वायर, चावी, पेडल, लिमिटर असं चित्र काढून दिलं. ते त्याने गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलंय.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. पहिली तपासणी मी बरोबर क्रमाने केली, पण संपवली चुकीच्या जागी. आता अशी कुठलीही गाडी दुरुस्त झाली की तिच्या रोजच्या कामाइतका भार घालून चालवतो, मग पैसे घेतो. आणि उंदराने कुरतडलेली वायर दिसली की जोड न मारता तेवढी ओळ पूर्ण बदलतो. सोल्डर आणि स्लीव्ह नीट होती, तो जोड आजही चांगलाच असणार. पण दोन फुटांवर दुसरी जखम होती.

दुसरी गोष्ट त्या पोराची. गाडी रोज कोण चालवतं हे मी पहिल्या दिवशी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी गाडी मुळातच बंद होती, तेव्हा त्याच्याकडून फार काही कळलं नसतं हे खरं. तरी गेल्या हंगामाच्या शेवटी गाडी कशी वागत होती, हे विचारायला हवं होतं. नंतर सहज बोलताना तो म्हणाला की आषाढाच्या आधीच्या लग्नात, खड्ड्यातून जाताना ती "मधेच एक गचका द्यायची". स्क्रू आणि वायर यांची भेट तेव्हाच सुरू झाली होती.

राहिली जुनी कॉइल. ती मालकांनी फेकली नव्हती, मला दिली. मीटरवर तिची प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही नव्या कॉइलच्या जवळपास येत होत्या. अशा कॉइलमध्ये मीटरच्या ओहमवर विश्वास ठेवता येत नाही, आतला ट्रान्झिस्टर मेला तरी गुंडाळी शाबूत दिसते. म्हणून पुढच्या चातुर्मासात वरचं शीट खोलून ती परत त्याच इंजिनवर बसवली, फिलर गेजने ०.३ मिलीमीटरची फट धरली, किल वायर सुटी ठेवली आणि पोराला पेडल दाबायला सांगितलं. टेस्टरमध्ये काही आलं नाही. चार वेळा केलं. मग नवी कॉइल परत चढवली आणि पहिल्याच फेऱ्याला निळी ठिणगी आली. जुनी कॉइल बॅटरीच्या त्या १२ व्होल्टने जळली की आधीच गेली होती, हे आता सांगता येत नाही.